मैदानावरून थेट व्यायामशास्त्राच्या वर्गात: पहिल्या वर्षाची तयारी

शाळेत खो-खो, कॉलेजात कबड्डी किंवा धावणं, पदवी कला नाहीतर वाणिज्य शाखेची, आणि आता शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश. या अभ्यासक्रमाला येणाऱ्या पुष्कळांचा रस्ता असाच असतो. माझाही असाच होता. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर हाडांची नावं, पेशीतल्या ऊर्जेची साखळी आणि तरफांच्या आकृत्या येतात. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध न आलेली मुलं मागच्या बाकावर सरकतात, गाईड विकत घेतात आणि वर्षभर पाठांतर करतात. इथेच सगळं बिघडतं. ज्या शरीराचा अभ्यास करायचा ते तुमच्याजवळ आहे आणि मैदानावर तुम्ही ते वर्षानुवर्षं वापरलंय. ते नीट बघायला आणि मोजायला शिकलात की अर्धं पुस्तक आपोआप कळतं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी अभ्यासक्रम नीट ओळखा

नावं सारखी वाटतात, पण प्रत्येक अभ्यासक्रम वेगळ्या ठिकाणी नेतो.

बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी, पहिल्या पदवीनंतर दोन वर्षांची असते आणि त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर हाच रस्ता. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची लेखी परीक्षा असते आणि तिच्या जोडीला मैदानी चाचणीही. बारावीनंतर थेट यायचं असेल तर बी.पी.ई.एस. (शारीरिक शिक्षण आणि क्रीडा यांची पदवी) किंवा क्रीडाविज्ञानातली बी.एस्सी. आहे. फिजिओथेरपी हा वेगळा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे. बारावीला जीवशास्त्र नसेल तर ते दार बंदच समजा. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका बघा. ही संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे.

सापळा: जिममधला तीन महिन्यांचा ट्रेनर कोर्स आणि बी.पी.एड. ‘सारखंच’ असं सांगणारे एजंट भेटतील. शाळेतल्या नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या मान्यतेचं पत्र स्वतः बघा, आणि त्यावर अभ्यासक्रमाचं नाव व प्रवेशसंख्या आहे का तेही तपासा.

२. कागदपत्रं एका फाईलमध्ये लावा

मूळ प्रती आणि साक्षांकित झेरॉक्सचे दोन-तीन संच ठेवा:

– दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
– शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार
– लागू असेल तर जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
– शिक्षणात खंड असेल तर गॅप सर्टिफिकेट
– नोंदणीकृत डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
– खेळाची सर्व प्रमाणपत्रं

यातल्या दोन कागदांवर मुलं हमखास अडकतात. पहिला कागद नॉन-क्रिमिलेअरचा. त्यावरची ३१ मार्चची मुदत बघितली नाही तर ऐन पडताळणीत अर्ज खुल्या गटात जातो. दुसरा कागद खेळाच्या प्रमाणपत्राचा. गावातल्या मंडळाने भरवलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कितीही देखणं असलं तरी चालत नाही. पदवीला ५० टक्के असलेल्या उमेदवाराने आंतरमहाविद्यालयीन, जिल्हा किंवा शालेय पातळीवरच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत निदान भाग घेतलेला असावा, ही बी.पी.एड.ची एक मुख्य अट आहे. इतर अटी आणि सवलती माहितीपुस्तिकेत असतात, त्या ओळ न् ओळ वाचा. प्रमाणपत्रावरचं तुमचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेसारखंच आहे का, तेही आत्ताच बघून घ्या.

३. अभ्यासाची हत्यारं

जास्त काही लागत नाही. लॅप नोंदवणारं स्टॉपवॉच, न ताणणारी तीन मीटरची टेप, शिट्टी, दोरी, त्वचेवर खूण करायला स्केच पेन, फोनमध्ये मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप आणि पुठ्ठ्याची जाड वही. फोनला स्लो मोशन असेल तर फारच छान. किनोव्हिआ नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर फुकट चालतं. त्यात व्हिडिओवर कोन आणि वेळ मोजता येते.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, हवामान आणि एकक लिहायचंच. ‘उडी ३१’ अशी नोंद महिन्याने कुणालाच कळत नाही, ‘उडी ३१ सेंमी’ कळते.

४. शरीराचा नकाशा: पाठांतराआधी हालचाल

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. पहिल्याच रात्री ती सगळी पाठ करायला बसू नका. आधी उभं राहायला शिका: पाय जवळ, तळहात पुढे, अंगठे बाहेरच्या बाजूला. याला शरीररचनेची मूळ स्थिती म्हणतात. पुस्तकातलं पुढे-मागे, आत-बाहेर हे सगळं याच स्थितीवरून ठरतं. माणूस शीर्षासनात असला तरी डोकं ‘वर’च.

मग प्रतल आणि अक्ष. प्रतल म्हणजे हालचाल ज्या सपाट पातळीत होते ती, आणि अक्ष म्हणजे शरीर ज्याभोवती फिरतं तो काल्पनिक दांडा. हा धडा बहुतेकांना जड जातो, म्हणून तो मैदानावर शिका. कोलांटी मारा. शरीर जणू कमरेतून डावीकडून उजवीकडे गेलेल्या दांड्याभोवती फिरतं. धावणं, बैठका, सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं हे सगळं याच प्रतलातलं, त्याचं नाव सॅजिटल. आता कार्टव्हील, म्हणजे हात टेकून बाजूने चाकासारखी उलटी मारा. या वेळी दांडा पोटातून पाठीत गेलेला आणि प्रतल फ्रंटल. जागेवर गिरकी घ्या किंवा थाळी फेकताना फिरा. दांडा डोक्यातून खाली तळव्यांकडे आणि प्रतल ट्रान्सव्हर्स. परीक्षेत कुठलीही हालचाल आली तरी स्वतःला एकच प्रश्न विचारा: दांडा कुठून गेलाय?

स्नायू शिकतानाही क्रम उलटा करा. नावाआधी काम. उभं राहून गुडघे ताठ ठेवा, टाचा उचला आणि पोटरी चाचपून बघा. मग बसून, गुडघे वाकवून टाचा उचला. दुसऱ्या वेळी वरचा फुगीर स्नायू बराच सैल लागतो. तो गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो, म्हणून गुडघा वाकला की ढिला पडतो आणि काम खालच्या सोलियसवर जातं. दंडाच्या बेटकुळीवर हात ठेवून कोपर काटकोनात धरा आणि तळहात खाली-वर फिरवा. तळहात वर वळताना बायसेप्स ताठ होतो. तो कोपर वाकवतो हे सगळ्यांना माहीत असतं, तो हाताचा पुढचा भाग वळवतोही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. असे वीस-पंचवीस मोठे स्नायू हाताने ओळखले की उगम, निवेश (स्नायू हाडाला जिथे सुरू होतो आणि जिथे जाऊन जोडला जातो त्या जागा) आणि क्रिया हा तक्ता भरायला पाठांतर फार थोडं लागतं.

एक महत्त्वाचं. दुसऱ्याच्या शरीरावर खुणा करताना आधी विचारा आणि काय करणार आहात ते सांगा. मुलींच्या मोजमापासाठी मुलींचाच गट ठेवा. कुणी नको म्हटलं तर ते तिथेच थांबतं. पुढे तुम्ही मुलांचे शिक्षक होणार आहात, ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगात मुरायला हवी.

५. ऊर्जा कुठून येते ते कबड्डीतून समजून घ्या

स्नायूला लागणारं इंधन म्हणजे एटीपी. शरीर ते तीन मार्गांनी बनवतं. क्रिएटिन फॉस्फेटचा मार्ग सर्वात झटपट, पण साधारण दहा सेकंदांत त्याचा जोर ओसरतो. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज तोडण्याचा मार्ग त्यानंतर एक-दोन मिनिटं मुख्य भार घेतो. ऑक्सिजन वापरणारा मार्ग संथ, पण तासन् तास चालणारा.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. गाईडमधला तक्ता बघून मुलांना वाटतं, एक मार्ग संपला की दुसरा सुरू होतो. तसं होत नाही. तिन्ही एकदमच सुरू असतात, कुणाचा वाटा किती एवढंच बदलतं. ८०० मीटरच्या शर्यतीतही निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते.

कबड्डीची चढाई ३० सेकंदांची. प्रत्यक्ष झडप, लाथ, निसटणं हे सगळं पहिल्या मार्गावर चालतं. पण दोन चढायांच्या मधल्या वेळेत क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरतं ते ऑक्सिजनच्या जोरावर. साधारण अर्ध्या मिनिटात निम्मं भरतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. चढाईपटूला प्रशिक्षक सकाळी लांब पल्ल्याचं का पळवतात, त्याचं उत्तर इथे आहे. आपापल्या खेळाचं असं एक पान वहीत लिहा. चढाई, डाव, कुस्तीची फेरी, जे असेल ते. तोंडी परीक्षेत हे पान तुम्हाला तारतं.

दुसरा गैरसमज: व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे. लॅक्टेट तासाभरात जवळपास नेहमीच्या पातळीवर येतं, दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी सर्वात जास्त असतं. कारण वेगळं आहे: स्नायू ताणला जात असताना त्याने भार पेलला, की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या गड उतरल्यामुळे.

या विषयाचा इतिहासही थोडा वाचा. ए. व्ही. हिल यांना १९२२ चं नोबेल मिळालं ते स्नायूतल्या उष्णतेच्या अभ्यासासाठी. पुढे माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, ही कल्पना त्यांच्याच कामातून आली. त्याच काळात आपल्याकडे स्वामी कुवलयानंद योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं ते प्रयोगशाळेत तपासत होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. व्यायामाकडे मोजून बघण्याची परंपरा आपल्या मातीतही शंभर वर्षांची आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

६. नाडी मोजायला शिका, मगच चाचण्या घ्या

या लेखातला हा भाग सर्वात महत्त्वाचा. नाडी चुकली की पुढची सगळी गणितं चुकतात.

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, पूर्ण एक मिनिट मोजा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. मनगटावर पहिली दोन बोटं ठेवा. मानेवर मोजायची वेळ आली तर हलकेच आणि एकाच बाजूला. जोरात दाबलं तर ठोके मंदावू शकतात.

आता क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट. पायरी ४१.३ सेंमी उंच. वेळ तीन मिनिटं. मुलांनी मिनिटाला २४ वेळा चढ-उतार करायची, मुलींनी २२ वेळा. एका चढ-उतारात चार पावलं, म्हणून मेट्रोनोम मुलांसाठी ९६ वर आणि मुलींसाठी ८८ वर लावा. थांबल्यावर उभंच राहायचं. पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत, म्हणजे १५ सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायचं. त्या आकड्यावरून व्हीओटू मॅक्सचा अंदाज असा काढतात:

मुले: १११.३३ − (०.४२ × नाडी)
मुली: ६५.८१ − (०.१८४७ × नाडी)

समजा एका मुलाचे १५ सेकंदांत ३७ ठोके आले. ३७ × ४ = १४८. १११.३३ − ६२.१६ = ४९.१७. हा झाला मिनिटाला, प्रत्येक किलो वजनामागे वापरला जाणारा ऑक्सिजन, मिलिलिटरमध्ये. एक ठोका जरी कमी-जास्त मोजला तरी उत्तर १.६८ ने हलतं. म्हणून दोघांनी एकाच वेळी, दोन मनगटांवर मोजा आणि जुळवून बघा.

कूपरची बारा मिनिटांची चाचणी अजून सोपी. केनेथ कूपर यांनी ती १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या जवानांवरच्या अभ्यासातून मांडली. बारा मिनिटांत किती मीटर गेलात ते मोजा, त्यातून ५०४.९ वजा करा आणि ४४.७३ ने भागा. हाही व्हीओटू मॅक्सचाच अंदाज. २४०० मीटर धावणाऱ्याचं उत्तर ४२.३७ येतं. एकाच मुलाचे दोन चाचण्यांतले आकडे वेगळे आले म्हणून कुठली तरी खोटी, असं समजू नका. दोन्ही अंदाज आहेत. स्वतःची तुलना नेहमी त्याच चाचणीशी, त्याच वेळी, त्याच मैदानावर करा.

कमाल नाडीसाठी ‘२२० वजा वय’ सगळ्यांना पाठ असतं. ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे दुसरं सूत्र २००१ मध्ये आलं. वीस वर्षांच्या मुलाला पहिलं २०० देतं, दुसरं १९४. दोन्ही सरासरीवर बेतलेली आहेत. एखाद्याची खरी कमाल नाडी दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असते.

चाचणीआधीचे नियम पाळा: दोन-तीन तास आधी जेवण नाही, चहा-कॉफी नाही, रात्री झोप पूर्ण. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर या चाचण्या सूर्योदयानंतर लगेच उरकून घ्या. छातीत दुखणं, चक्कर, घरात लहान वयात हृदयविकार असं काही असेल तर आधी डॉक्टर. आणि एखादी मुलगी थोड्या धावण्यातच धापा टाकत असेल तर ‘स्टॅमिना नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन तपासायला सांगा. ते डेसिलिटरमागे १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तिला आधी उपचार हवेत, जास्तीच्या फेऱ्या नकोत.

७. यांत्रिकी: भीती घालवायला एक उडी पुरे

जैवयांत्रिकीचं, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या भौतिकशास्त्राचं नाव काढलं की कला शाखेची मुलं हात टेकतात. फोन जमिनीलगत स्थिर ठेवा, मित्राला जागेवरून सरळ वर उडी मारायला सांगा आणि स्लो मोशनमध्ये फक्त पाय चित्रित करा. पाय जमिनीवरून सुटले ती फ्रेम आणि पुन्हा टेकले ती फ्रेम शोधा. सेकंदाला २४० फ्रेम असतील आणि मध्ये १२० फ्रेम गेल्या असतील, तर तो अर्धा सेकंद हवेत होता. उंची = ९.८१ × वेळेचा वर्ग ÷ ८. म्हणजे ९.८१ × ०.२५ ÷ ८ = ०.३०७ मीटर, साधारण ३१ सेंमी. गुरुत्वाकर्षण, वेळ आणि अंतर यांचं नातं पाच मिनिटांत हातात येतं. उतरताना गुडघे पोटाशी घेतले तर हवेतला वेळ वाढतो आणि उंची खोटी मोठी येते, म्हणून पाय ताठ ठेवायला सांगा.

तरफांसाठी तीन उदाहरणं पुरतात. मान होकारार्थी हलवणं पहिल्या प्रकारात, टाचा उचलणं दुसऱ्या आणि कोपर वाकवून वजन उचलणं तिसऱ्या. शरीरातल्या बहुतेक तरफा तिसऱ्या प्रकारच्या असतात. त्यात ताकद जास्त खर्च होते, पण हालचालीचा पल्ला आणि वेग मिळतो.

गोळाफेकीचा कोन ४५ अंश असं लिहून गुण गमावू नका. गोळा खांद्याच्या वरून सुटतो, जमिनीवरून सुटत नाही. शिवाय कोन वाढवला की सुटण्याचा वेग कमी होतो. चांगल्या गोळाफेकपटूंचा कोन ३७ अंशांच्या आसपास असतो. लांब उडीत तर तो २० च्या जवळ असतो, कारण धावत आलेला वेग न गमावता शरीर त्याहून फार वर वळवता येत नाही.

८. आरोग्याचे आकडे वापरताना

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. परदेशी पुस्तकांत हेच आकडे २५ आणि ३० असतात, म्हणून कुठले वापरले ते वहीत लिहा. १७० सेंमी उंचीच्या, ७८ किलोच्या तालमीतल्या पैलवानाचा बीएमआय २७ येतो. त्याला लठ्ठ म्हणायचं का? कमरेचा घेर मोजा. पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या आत असेल तर चित्र वेगळं आहे. टेप घट्ट ओढू नका, श्वास सोडल्यावर मोजा.

किती व्यायाम सांगायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं. आठवड्याला खेळाचे दोन तास देणाऱ्या शाळेत तुम्ही शिकवायला गेलात, की हाच आकडा मुख्याध्यापकांसमोर ठेवायचा आहे.

पूरक पावडरींबद्दल थोडक्यात. डोपिंगविरोधी नियमांत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची असते, डबा कुणीही दिलेला असो. आपल्याकडे २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. वर्गमित्र किंवा जिमवाला देतो म्हणून काही घेऊ नका आणि कुणाला देऊही नका.

९. सराव पाठ आणि परीक्षा

पाठ टाचण आदल्या रात्री लिहायला बसू नका. आठवडाभर आधी लिहा आणि मोकळ्या मैदानावर मोठ्याने आज्ञा देऊन बघा. आवाज पोटातून यायला हवा, घशातून काढलात तर तिसऱ्या दिवशी बसतो. मुलांना उन्हाकडे पाठ करून उभं करा, ऊन तुमच्या तोंडावर आलं तरी चालेल. पंधरा मुलांत एकच चेंडू असेल तर चौदा जण उभेच राहतात, म्हणून छोटे गट करा.

लेखी उत्तर मराठीत लिहिणार असाल तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही संज्ञा पाठ ठेवा. वरची पुस्तकं आणि उपकरणांच्या पुस्तिका इंग्रजीतच असतात. प्रत्येक उत्तरात एक आकृती आणि स्वतःच्या वहीतलं एक मोजमाप द्या.

पहिलं सत्र संपायच्या आठवड्यात सकाळची नाडी, स्टेप टेस्ट, बारा मिनिटांचं धावणं आणि उडी या चारही गोष्टी पुन्हा मोजा आणि सुरुवातीच्या नोंदींशेजारी लिहा. दुसऱ्या सत्रात प्रशिक्षणाची तत्त्वं शिकवतील तेव्हा उदाहरण म्हणून हेच आकडे वर्गात घेऊन जा.